तारकापेशींची गळती

१८५६ साली जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी चेतापेशींच्या अधल्यामधल्या जागेत भरलेल्या ऊतीला ‘न्यूरोग्लिया’ म्हटलं. त्यांच्या लेखी तो मेंदू सांधून धरणारा चिकटा होता. १९१३ मध्ये स्पेनच्या सांतियागो रामोन ई काहाल यांनी सोन्याच्या क्षाराने रंगवण्याची पद्धत काढली आणि त्या चिकट्यातल्या ताऱ्याच्या आकाराच्या पेशी, म्हणजे अ‍ॅस्ट्रोसाइट, रक्तवाहिन्यांना पाय टेकून असलेल्या स्वच्छ दिसल्या. तरीही पुढची कित्येक दशकं महत्त्वाचं सगळं चेतापेशीच करतात आणि या नुसत्या आधाराला असतात, हाच समज कायम राहिला.

त्यांच्यावर संशय आला तो ग्लुटामेटमुळे. हे अमिनो आम्ल चेतापेशी एकमेकींना निरोप धाडायला वापरतात. १९६९ मध्ये अमेरिकेत जॉन ओल्नी यांनी उंदरांच्या नवजात पिल्लांना मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजे आपल्याकडे अजिनोमोटो म्हणून मिळणारा पदार्थ, टोचला. पिल्लांच्या मेंदूतल्या काही चेतापेशी मेल्या. १९८४ मध्ये हेलेने बेनव्हेनिस्टे आणि सहकाऱ्यांनी अतिसूक्ष्म नळी घालून उंदरांच्या मेंदूतला पेशींबाहेरचा द्रव तपासला. रक्तपुरवठा दहा मिनिटं तोडताच ग्लुटामेट सुमारे आठपट वाढलं होतं. पक्षाघातात चेतापेशी कशाने मरतात, याचा धागा हाती लागला. पण एवढं ग्लुटामेट सांडलं कोणी?

जिवंत मेंदूत हे ठरवणं अवघड, कारण तिथे सगळ्या पेशी एकमेकींत गुंतलेल्या. ती अडचण एका साध्या कसबाने सोडवली. केन मॅकार्थी आणि जाँ डी व्हेलिस यांनी १९८० मध्ये उंदराच्या पिल्लांच्या मेंदूतल्या पेशी बाटलीत वाढवल्या आणि ती बाटली यंत्रावर रात्रभर हलवत ठेवली. वरवर बसलेल्या इतर पेशी सुटून द्रवात आल्या. अ‍ॅस्ट्रोसाइट मात्र तळाला घट्ट चिकटून राहिल्या. द्रव ओतून टाकला की त्यांचा जवळजवळ शुद्ध थर उरे.

न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी इथे हॅरल्ड किमेलबर्ग यांच्या गटाने अशा थरांना किरणोत्सारी खूण केलेली अमिनो आम्लं पाजली आणि मग वरचा द्रव पातळ केला. पाणी आत शिरून पेशी भिजत घातलेल्या हरभऱ्यासारख्या फुगल्या. हरभरा फुगलेलाच राहतो. या पेशी मात्र काही मिनिटांत आकसू लागतात, कारण विरघळलेले पदार्थ बाहेर टाकले की त्यांच्यामागे पाणीही जातं. टॉरीन हे अमिनो आम्ल असं बाहेर पडतं, हे मेक्सिकोच्या हर्मिनिया पासांतेस-मोरालेस आणि डेन्मार्कचे आर्ने शौसबो यांनी १९८८ मध्ये दाखवलं होतं. १९९० च्या किमेलबर्ग यांच्या निबंधात टॉरीनसोबत ग्लुटामेट आणि अ‍ॅस्पार्टेटही होतं. टॉरीन गळलं तर फारसं बिघडत नाही. ग्लुटामेटचं तसं नाही.

पक्षाघातात हीच वेळ येते. रक्त थांबलं की पेशींची ऊर्जा संपते, बाहेर पोटॅशियम साचतं, अ‍ॅस्ट्रोसाइट ते शोषून घेतात आणि पाण्यासकट फुगतात.

ऋणभारित आयनांची वाट अडवणारी औषधं घातली की बशीतली गळती मंदावत होती. म्हणजे दार होतं. पण ते कोणत्या प्रथिनाचं, हे कळायला २०१४ उजाडावं लागलं. कॅलिफोर्नियात आर्डेम पटापुटियन आणि बर्लिनमध्ये थॉमस येंच यांच्या प्रयोगशाळांनी एकच युक्ती स्वतंत्रपणे वापरली: पिवळ्या चमकणाऱ्या पेशी फुगवायच्या आणि भोवती आयोडाइड सोडायचं. दार उघडलं की आयोडाइड आत शिरून चमक विझवतं. मग एकेक जनुक गप्प करत जायचं आणि चमक कुठे टिकते ते पाहायचं. दोघंही एलआरआरसी८ए या जनुकापाशी पोचले. त्याच वर्षी ऑल्बनीत अलेक्झांडर माँजिन यांच्या गटाने अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये हे जनुक दाबलं, तेव्हा फुगल्यावरची ग्लुटामेटची गळतीही घटली.

सगळा दोष या दाराचा, असं मात्र नाही. लंडनच्या डेव्हिड अ‍ॅटवेल यांच्या गटाने २००० मध्ये दाखवलं, की तीव्र रक्तटंचाईत ग्लुटामेट आत ओढणारे चेतापेशींचे पंपच उलटे फिरतात. २०१९ मध्ये झाओझू चिऊ यांच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या गटाने केवळ अ‍ॅस्ट्रोसाइटमधून हे जनुक काढलेले उंदीर तपासले. पक्षाघातात त्यांच्या मेंदूचं नुकसान कमी झालं. पण एरवी त्यांचं शिकणं आणि लक्षात ठेवणं कमी पडत होतं. निरोगी मेंदूतही अ‍ॅस्ट्रोसाइट त्याच वाटेने थोडं ग्लुटामेट सोडतात आणि चेतापेशींची देवाणघेवाण त्यावरही अवलंबून असते, असं या गटाला आढळलं. त्यामुळे या वाटेवर औषध शोधणाऱ्यांना ती कायमची बुजवून चालणार नाही. झटक्यानंतरच्या ठरावीक काळापुरतीच अडवावी लागेल.