स्मिथची सही

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात एका बोधिसत्त्वाच्या चित्रावर ‘जॉन स्मिथ’ हे नाव कोरलेले आहे, सोबत एप्रिल १८१९ ही तारीख. मद्रास इलाख्यातला हा लष्करी अधिकारी वाघाच्या शिकारीला आला होता. लेण्यांचा ‘शोध’ त्याने लावला असे पुस्तकांत छापतात. परिसरातल्या लोकांना ती ठाऊक होतीच.

आज ती अक्षरे नजरेच्या बरीच वर दिसतात. लेण्यात तेव्हा सुमारे पाच फूट राडारोडा साचला होता आणि स्मिथ त्यावर उभा होता. चित्र बिघडवणाऱ्या ओरखड्यानेच लेण्याची त्या वेळची अवस्था नोंदवून ठेवली. म्हणून त्याला नुसते विद्रूपीकरण म्हणून मोकळे होणे मला जमत नाही.

याच लेण्याच्या दर्शनी भागावर ब्राह्मी लिपीत आणखी एक नाव आहे, वासिठीपुत कटहादी. त्याने लेण्याचे ‘घरमुख’ दान दिले. दगडावर आपले नाव उरावे ही हौस दोघांचीही. पण कटहादीने आधी काही दिले आणि मग नाव घातले.

मात्र दात्यालाच लिहिण्याचा हक्क, असे म्हणावे तर श्रीलंकेतील सिगिरिया आडवी येते. तिथल्या चित्रांतल्या स्त्रिया पाहायला येणारे प्रवासी शतकानुशतके समोरच्या गुळगुळीत भिंतीवर पद्ये कोरत राहिले. सेनरत परणवितान यांनी त्यांतली ६८५ पद्ये १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. जुन्या सिंहली काव्याचा तो मोठा ठेवा आहे. दाते नव्हेतच ते, पण त्यांनी लिहिले चित्रांवर नव्हे, भिंतीवर. मला हा फरक निर्णायक वाटतो.

आपल्या १९५८ च्या कायद्यात, २०१० च्या दुरुस्तीनंतर, संरक्षित स्मारक विद्रूप करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. गंमत अशी की पुरातन ठरण्यासाठी तोच कायदा शंभर वर्षांची अट घालतो, आणि स्मिथची सही ती केव्हाच ओलांडून बसली आहे!

ती पुसावी, असे म्हणणारे भेटतात. पण खाली गेलेला रंग पुसण्याने परत येणार नाही. शिवाय अजिंठ्यातली सुधारणाही निर्धोक नव्हती. १९२० च्या सुमारास निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर लाखेचे व्हार्निश चढवले. ते पुढे पिवळे, काळपट पडले आणि रसायनतज्ज्ञांना ते काढत बसावे लागले.