मिसिसिपी : कापसाची भूमी आणि मताधिकाराचा लढा

मिसिसिपी हे अमेरिकेच्या दक्षिण भागातील राज्य त्याच नावाच्या महानदीच्या पूर्वेस वसले आहे. त्याच्या उत्तरेस टेनेसी, पूर्वेस अलाबामा, दक्षिणेस लुइझियाना व मेक्सिकोचे आखात आणि पश्चिमेस आर्कान्सा व लुइझियाना आहेत. क्षेत्रफळ सुमारे १,२५,००० चौरस किलोमीटर असून २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे २९.६ लाख होती. जॅक्सन ही राजधानी. १० डिसेंबर १८१७ रोजी हे संघराज्यातील विसावे राज्य झाले.

राज्याच्या वायव्य भागास ‘डेल्टा’ म्हणतात. नाव फसवे आहे, कारण नदीचे मुख येथून बरेच दूर, लुइझियानात आहे. मिसिसिपी व याझू या नद्यांमधील हा पूरमैदानी प्रदेश शतकानुशतकांच्या गाळाने अतिशय सुपीक झाला आहे. चोक्टॉ या मूळ रहिवाशांच्या जमिनी करारांद्वारे घेतल्यावर राज्यात कापसाचे मळे वाढले आणि ते गुलामांच्या श्रमावर चालले. १८६० मध्ये राज्यातील सुमारे ७.९ लाख लोकांपैकी ४.३६ लाख गुलाम होते. ९ जानेवारी १८६१ रोजी राज्य संघराज्यातून फुटले. आपली भूमिका गुलामगिरीच्या प्रथेशी निगडित असल्याचे त्याच्या जाहीरनाम्यातच नमूद असल्याने, यादवी युद्धाचे अन्य कारण शोधण्याचे, निदान येथे तरी, प्रयोजन नाही. युद्धामुळे अमेरिकी कापूस अडला, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांनी भारताकडे मोर्चा वळवला. मुंबईत कापसाच्या व्यापाराने अमाप पैसा आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो डोलारा कोसळला. महात्मा फुले यांनी १८७३ मधील ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला.

युद्धानंतर कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार मिळाला. १८७० मध्ये याच राज्यातून हायरम रेव्हल्स हे सिनेटचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. परंतु १८९० च्या राज्यघटनेने मतदानासाठी कर लावला, तसेच घटनेतील कलम वाचून दाखवण्याची वा त्याचा अर्थ सांगण्याची अट घातली. उत्तर पटले की नाही, हे श्वेतवर्णीय अधिकारीच ठरवत. परिणामी बहुसंख्य कृष्णवर्णीय मतदार यादीबाहेर गेले. या अन्यायाविरुद्ध झगडणारे मेडगर एव्हर्स यांची १२ जून १९६३ रोजी जॅक्सन येथे हत्या झाली. १९६५ च्या संघीय मताधिकार कायद्यानंतर चित्र पालटले.

याच डेल्टात ब्लूज संगीत बहरले. बी. बी. किंग व मडी वॉटर्स हे येथलेच. कादंबरीकार विल्यम फॉकनर व गायक एल्व्हिस प्रेस्ली हेही या राज्याचे सुपुत्र. आज सोयाबीन, कुक्कुटपालन व लाकूड उद्योग महत्त्वाचे आहेत. तरीही दरडोई उत्पन्नात हे राज्य देशात तळाशी असते.

गुलामगिरी रद्द करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीस राज्याने १९९५ मध्ये मान्यता दिली. गुलामगिरीसमर्थक दक्षिणी राज्यसंघाचे चिन्ह असलेला ध्वज २०२० मध्ये हटवून मॅग्नोलिया फुलाचा ध्वज स्वीकारला. १८९० ची राज्यघटना मात्र दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. तिच्यानुसार ठरावीक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांचा मताधिकार कायमचा जातो. तो परत मिळण्यास राज्यपालांची माफी किंवा विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश बहुमत लागते.