ग्नू, लिनक्स आणि ‘मुक्त’ हा शब्द

सोलापूर म्हणजे सोळा गांवें मिळून झालेलें पूर, ही व्युत्पत्ति आमच्या गांवांतील शाळकरी मुलासहि पाठ असते. ती सोपी आहे, मनांत चटकन ठसते, आणि बहुधा चुकीची आहे. सिद्धरामेश्वरांच्या काळच्या, म्हणजे बाराव्या शतकांतील लेखांत या गांवाचें नांव ‘सोन्नलगे’ असें येतें, आणि यादवांच्या अखेरपर्यंत तेंच चालू होतें. मोहोळ तालुक्यांतील कामती येथील शके १२३८ च्या संस्कृत लेखांत तें ‘सोनलीपूर’ होतें. किल्ल्यांतील लेखांत ‘सोनलपूर’ व ‘संदलपूर’ अशीं रूपें आढळतात. इंग्रजी अमदानींत त्याचें ‘शोलापूर’ झालें. एवढा प्रवास करून आलेलें नांव आज आपल्या तोंडीं आहे. पण तो प्रवास विसरला गेला आणि त्याच्या जागीं सोळा गांवांची गोष्ट येऊन बसली. नांव टिकतें आणि हकीकत बुडते, हा अनुभव इतिहासाच्या अभ्यासकास नवा नाहीं.

असाच एक प्रकार आपल्या डोळ्यांदेखत घडला आहे. ज्या संगणक-प्रणालीस सारें जग ‘लिनक्स’ म्हणतें, तिचें हें नांव कितपत यथार्थ आहे, असा वाद गेलीं तीस वर्षें चालला आहे. वरवर पाहतां तो हट्टी लोकांचा शब्दच्छल वाटतो. आम्हांसहि प्रथम तसेंच वाटलें होतें. परंतु वादाचा इतिहास पाहतां त्यांत न्यायाचा एक खरा प्रश्न आहे, अशी आमची खात्री झाली.

संगणकशास्त्राशीं ज्यांचा परिचय नाहीं अशा वाचकांसाठीं आरंभीं थोडा खुलासा केला पाहिजे. संगणक चालतो तो आज्ञावलीनें. आणि आज्ञावली म्हणजे काय, हें सोलापूरकरास समजावून देणें अवघड नाहीं. आमच्या चादरींवरील फुलें व मोर ज्या जकार्ड मागावर उमटतात, त्याच्या माथ्यावर भोकें पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. धोट्याच्या कोणत्या खेपेस ताण्याचे कोणते धागे उचलावयाचे, हें तीं भोकें ठरवितात. जाकार या फ्रेंच कारागिरानें १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या या युक्तीवरूनच चार्ल्स बॅबेज यास आपल्या गणनयंत्रास पुठ्ठ्यांकरवीं आज्ञा देण्याची कल्पना सुचली. आतां चादर विकत घेणारास चादर मिळते, पुठ्ठे मिळत नाहींत. पुठ्ठे हातीं असले तर मोराच्या जागीं कमळ घालतां येईल. नुसत्या चादरीवरून तें साधत नाहीं. आज्ञावलीचेंहि तसेंच आहे. मनुष्यानें लिहिलेला मूळ पाठ हे पुठ्ठे, आणि यंत्रास चालेल असें त्याचें रूपांतर ही चादर. संगणकाची सर्व अंगें ज्या मूलभूत आज्ञावलींच्या समुच्चयानें चालतात, ती त्याची कार्यप्रणाली होय. आणि तिच्या अगदीं आंत राहून यंत्राच्या अवयवांशीं बोलणारा जो भाग, तो तिचा गाभा.

अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ पासून केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनीं ‘युनिक्स’ नांवाची कार्यप्रणाली घडविली. पुढें ऐंशीच्या दशकापर्यंत मूळ पाठ ग्राहकापासून लपवून ठेवण्याची रीत सर्वत्र रूढ झाली. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेंत काम करणारे रिचर्ड स्टॉलमन यांस ही रीत अन्यायाची वाटली. २७ सप्टेंबर १९८३ रोजीं त्यांनीं जाहीर केलें कीं, युनिक्ससारखी संपूर्ण प्रणाली नव्यानें लिहून ती आपण सर्वांस मोकळी करून देऊं. तिचें नांव ‘ग्नू’. ‘ग्नू म्हणजे युनिक्स नव्हे’ अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याच्या आद्याक्षरांचें हें नांव. गंमत अशी कीं, त्यांतील पहिलें अक्षर पुन्हा त्याच नांवाचें आहे. जानेवारी १९८४ मध्यें संस्थेची नोकरी सोडून त्यांनीं कामास हात घातला. १९८५ त या कार्यासाठीं एक प्रतिष्ठान निघालें. लेखनासाठीं संपादक, मूळ पाठाचें यंत्रभाषेंत रूपांतर करणारा भाषांतरक, आज्ञा स्वीकारणारें कवच, अशीं एकामागून एक अंगें तयार झालीं. १९८९ मध्यें त्यांनीं एक परवानापत्र प्रसिद्ध केलें, तें सर्वांत महत्त्वाचें. ही आज्ञावली कोणीहि वापरावी, अभ्यासावी, बदलावी व वांटावी. मात्र वांटतांना हेच हक्क पुढच्यास द्यावेत, अशी त्यांतील अट होती. लेखकाचा हक्क सांगणारा कायदा वाचकाच्या हक्काच्या रक्षणास लावण्याची ही युक्ति अपूर्व म्हटली पाहिजे.

नव्वद सालच्या सुमारास घर जवळजवळ बांधून झालें होतें. गाभा तेवढा उरला होता. ग्नूच्या मंडळींनीं ‘हर्ड’ नांवाचा गाभा हातीं घेतला, पण तो रेंगाळला. इतक्यांत २५ ऑगस्ट १९९१ रोजीं हेलसिंकी येथील लिनस टॉरवल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें, आपण हौसेखातर एक प्रणाली लिहीत असून ती ग्नूएवढी मोठी व्हावयाची नाहीं, असें जाहीर केलें. आपल्या कृतीस ‘फ्रीक्स’ म्हणावें असें त्याच्या मनांत होतें. स्वतःच्या नांवावरून ‘लिनक्स’ म्हणणें त्यास आत्मप्रौढीचें वाटलें. परंतु ज्या आरी लेम्के यांनीं ती कृति सार्वजनिक भांडारांत ठेवली, त्यांनीं तेथील कप्प्यास ‘लिनक्स’ असें नांव देऊन टाकलें, आणि तेंच चिकटलें. जगभर गाजलेल्या नांवाचें बारसें असें परक्याच्या हातून झालें. १९९२ मध्यें टॉरवल्ड्स यांनीं हा गाभा ग्नूच्याच परवान्याखालीं आणला. ग्नूच्या घरांत लिनक्सचा गाभा बसला, संपूर्ण प्रणाली उभी राहिली, आणि घराला गाभ्याचें नांव पडलें.

येथून वाद सुरू होतो. स्टॉलमन यांचें म्हणणें असें कीं, या प्रणालीस ‘ग्नू/लिनक्स’ म्हणावें. १९९३ मध्यें इयन मर्डॉक यांनीं सुरू केलेल्या ‘डेबियन’नें पुढच्याच वर्षीं हें जोडनांव स्वीकारलें. १९९६ त स्टॉलमन यांनीं आपल्या संपादकाच्या एका आवृत्तींत ‘लिग्नक्स’ असें मिश्रणहि करून पाहिलें. पण तें कोणासच रुचलें नाहीं व मागें घ्यावें लागलें. विरुद्ध पक्षाचे मुद्दे दोन. एक, भाषा लोकांची असते. लोकांनीं जें नांव उचललें तें खरें. दुसरा अधिक वजनदार आहे: या प्रणालींत खिडक्या दाखविणारी ‘एक्स’ व्यवस्था आहे, क्नूथ यांची मुद्रणव्यवस्था आहे, सहस्रावधि लोकांच्या कृति आहेत; मग एकट्या ग्नूनें नांवांत वांटा कां मागावा?

यांस उत्तर असें देतां येईल कीं, इतर सर्वांनीं आपापलें एकेक अंग घडविलें. संपूर्ण आणि स्वतंत्र प्रणाली उभी करावयाची, हा संकल्प मात्र ग्नूचा होता, आणि त्या संकल्पावांचून हे सर्व अवयव एका देहांत आले नसते. शिवाय पुढच्या इतिहासानें एक कसोटी आपोआप पुरविली आहे. २००८ पासून बाजारांत आलेल्या ‘अँड्रॉइड’ दूरध्वनींत गाभा लिनक्सचा आहे, पण ग्नूचीं अंगें नाहींत; आणि त्यास ‘लिनक्स’ म्हणण्याचें कोणाच्या स्वप्नींहि येत नाहीं. उलट डेबियनच्या मंडळींनीं २०११ मध्यें ग्नूचीं तींच अंगें दुसऱ्या एका गाभ्यावर बसवून दाखविलीं. यावरून एवढें सिद्ध होतें कीं, या दोन निरनिराळ्या वस्तु आहेत आणि एकीचें नांव सरसकट दुसरीस देणें अचूक नव्हे. हाच न्याय दुसऱ्या बाजूसहि लावला पाहिजे: ‘अल्पाइन’सारख्या ज्या प्रणालींत ग्नूचीं मुख्य अंगें घेतलेलीं नाहींत, तीस ग्नूचें नांव लावणें तितकेंच चूक ठरेल.

या वादास १९९८ त दुसरें वळण मिळालें. इंग्रजींतील ‘फ्री’ या शब्दाचे अर्थ दोन: स्वतंत्र, आणि फुकट. व्यापारी मंडळी दुसऱ्या अर्थानें बिचकतात, म्हणून त्या वर्षाच्या फेब्रुवारींत क्रिस्टीन पीटरसन यांनीं ‘ओपन सोर्स’ असा नवा शब्द सुचविला, आणि तो झपाट्यानें पसरला. शब्द सोयीचा होता. पण स्वातंत्र्याचा उच्चार त्यांतून गळाला. उत्तम वस्तु तयार करण्याची एक कार्यक्षम रीत, एवढाच अर्थ उरला. स्टॉलमन यांची तक्रार हीच आहे, आणि आमच्या मतें ती रास्त आहे.

येथें मराठीकडे वळलें पाहिजे. इंग्रजांची जी अडचण, ती आपणांस मुळींच नाहीं. ‘मोफत’ हा फारशींतून आलेला शब्द, ‘मुक्त’ हा संस्कृत. कानाला जवळचे, पण अर्थानें दूरचे. तुकोबांना मोफत म्हणण्याची चूक कोणीहि मराठी मनुष्य करणार नाहीं. असें असूनहि वर्तमानपत्रांतून या आज्ञावलींचें वर्णन ‘मोफत’ म्हणून सर्रास केलें जातें; ही परक्याची अडचण विनाकारण आपल्या घरांत आणणें होय. मात्र आपली स्वतःची एक निराळी अडचण आहे, तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. १९८९ मध्यें नाशिकास यशवंतराव चव्हाणांच्या नांवें विद्यापीठ निघालें, तेव्हां इंग्रजी ‘ओपन’साठीं ‘मुक्त’ हाच शब्द योजला गेला. त्याच वळणावर ‘ओपन सोर्स’चें भाषांतर ‘मुक्त स्रोत’ असें होतें. परिणाम असा कीं, जे दोन पक्ष इंग्रजींत एकमेकांपासून अलग राहण्यासाठीं धडपडतात, ते मराठींत एकाच शब्दाखालीं नांदतात! यास्तव दुसऱ्यासाठीं ‘खुला स्रोत’ म्हणावें आणि पहिल्यासाठीं ‘स्वतंत्र आज्ञावली’ म्हणावें, असें आम्हांस सुचवावेंसें वाटतें. केरळांतील मल्याळी मंडळींनीं २००२ पासूनच्या आपल्या संगणककार्याच्या नांवांत ‘स्वतंत्र’ हाच शब्द घातला आहे. राज्यव्यवहारकोश ज्या भाषेंत शिवछत्रपतींच्या आज्ञेनें झाला, तिला शब्दांची ही निवड जड जाऊं नये.

नांवानें काय होतें, असें कोणी विचारील. त्यास आमच्या गांवचींच दोन उदाहरणें देतों. सोलापूर विद्यापीठास २०१९ मध्यें पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचें नांव दिलें गेलें. तत्पूर्वीं कोणाचें नांव द्यावें, यावर गांवांत केवढें रण माजलें होतें, तें सर्वांस स्मरत असेल. नांव ही क्षुल्लक बाब असती तर तसें झालें नसतें. दुसरें उदाहरण चादरीचें. १९९९ च्या कायद्यानें ‘सोलापुरी चादर’ या नांवास संरक्षण मिळालें, हें योग्यच झालें. परंतु जे पद्मशाली विणकर तेलंगणांतून येथें आले, ज्यांच्या घरांत आजहि तेलुगु बोलली जाते आणि ज्यांच्या हातांनीं ही चादर नांवारूपास आली, त्यांची आठवण त्या नांवांत कोठेंहि नाहीं. म्हणून कोणी चादरीचें नांव बदला असें म्हणत नाहीं, आणि आम्हीहि म्हणत नाहीं. चादरीचा इतिहास लिहितांना मात्र विणकरांस वगळणें हा अपराध ठरेल.

तोच निवाडा येथें लावावा. बोलतांना लोक ‘लिनक्स’ म्हणतील. त्यांना कोणी अडवूं नये, व अडवून उपयोगहि नाहीं. परंतु पाठ्यपुस्तक लिहिणारानें, कोश रचणारानें व अभ्यासक्रम आंखणारानें ‘ग्नू/लिनक्स’ असें पूर्ण नांव लिहावें, आणि तें कां लिहिलें हें एका वाक्यांत सांगावें. सोलापूरच्या महाविद्यालयांतून दरवर्षीं अनेक मुलें ही प्रणाली शिकून बाहेर पडतात. एका हुशार विद्यार्थ्यानें हौसेनें गाभा लिहिला, एवढी कथा त्यांस ठाऊक असते. ती खरी आहे, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी त्यांस आजच सांगितली नाहीं, तर सोळा गांवांसारखी एखादी सोपी गोष्ट तिच्या जागीं कायमची बसेल, आणि मग ती उठविण्यास शिलालेख शोधावे लागतील.