फैजपूर, फाळणी आणि आवाजांचे अभिलेखागार

डिसेंबर 1936 मध्ये फैजपूर येथे भरलेले काँग्रेसचे अधिवेशन हे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन होय. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, नंदलाल बोस यांनी सजविलेले मंडप आणि घटनासमितीची मागणी या तपशिलांनी ते खानदेशच्या सार्वजनिक स्मृतीत रुजले. त्याच वर्षी 1 एप्रिलला सिंध मुंबई इलाख्यापासून वेगळा झाला, ही नोंद मात्र या स्मृतीत सहसा येत नाही. तोवर कराची आणि फैजपूर एकाच इलाख्यात होती.

1947 च्या फाळणीनंतर सिंधमधून समुद्रमार्गे हजारो निर्वासित मुंबईस आले. जानेवारी 1948 मधील कराचीच्या दंगलीनंतर हा ओघ वाढला. कल्याणजवळील लष्करी छावण्यांतून 1949 मध्ये उल्हासनगर आकारास आले. जळगावातही सिंधी वसाहत उभी राहिली. तरीही मराठी वाचकाच्या लेखी फाळणी ही प्रामुख्याने पंजाब-बंगालची घटना राहिली. याचे एक कारण फाळणीविषयक साहित्याच्या संकेतांत आढळते. रक्तपात, आगगाडी, सीमारेषा ही त्याची परिचित चिन्हे. सिंधचे विभाजन झाले नाही. संपूर्ण प्रांत पाकिस्तानात गेला. त्यामुळे निर्वासितांना आपल्या भाषेचा प्रदेशच भारतात उरला नाही. ही हानी त्या चिन्हांत मावत नाही.

अशा अनुभवाची संहिता बव्हंशी मौखिक असते. 2010 मध्ये अमेरिकेतील बर्कले येथे सुरू झालेल्या ‘1947 पार्टिशन आर्काइव्ह’ने दहा हजारांहून अधिक मुलाखती संकलित केल्या आहेत. डिजिटल संग्रहात निवेदकाचा स्वर, अडखळणे आणि मौनही टिकते. लिखित प्रतीत ते गळून पडते. परंतु संग्रह म्हणजे निखळ स्मृती नव्हे. प्रश्न कोण, कोणत्या भाषेत विचारतो यावर कथनाचा आकार ठरतो. ‘मूळ गाव’, ‘स्थलांतराचे वर्ष’ अशा रकान्यांनी नोंद शोधणे सुलभ होते. पण त्यांच्यावरच भिस्त ठेवल्यास कथा प्रयाणापाशीच संपते. सिंधीत आठवणारा, बाजारपेठेत मराठी शिकलेला निवेदक मुलाखतीत हिंदी बोलत असेल, तर या भाषाबदलातच पुनर्वसनाचा इतिहास दडलेला असतो.

म्हणूनच खानदेशातील अशा कथनांचे जतन निवेदकाने निवडलेल्या भाषेत, मूळ ध्वनिमुद्रणासह आणि मुलाखतकाराच्या प्रश्नांसह व्हावयास हवे. 1947 साली दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. फैजपूरच्या अधिवेशनाचा इतिहास स्वराज्याच्या आकांक्षेपाशी थांबतो. त्या स्वराज्यासाठी घरदार गमावलेल्यांचे शब्द त्याच जिल्ह्यात, अजून ऐकता येण्याजोगे आहेत.