वायर तुटत नाही, तरीही...

१९६०च्या दशकातल्या सिंथेसायझरवर आवाज घडवायचा तर खऱ्याखुऱ्या वायरी एका जॅकातून दुसऱ्यात खोचाव्या लागत. ह्या जोडणीला म्हणत 'पॅच'. १९८०च्या दशकात पॅरिसच्या इर्काम संस्थेत मिलर पकेट ह्यांनी तोच पॅच संगणकाच्या पडद्यावर आणला. चौकोन म्हणजे काम, रेघ म्हणजे वायर. संगणक-संगीताचे आद्य पुरुष मॅक्स मॅथ्यूज ह्यांच्यावरून त्याचं नाव पडलं 'मॅक्स'.

चौकोन कुठेही ओढा, वायर मुकाट मागे येते. तुटत नाही. पण गंमत पुढेच आहे. एकाच टोकातून दोन वायरी निघाल्या, तर मॅक्स उजवीकडच्या चौकोनाला आधी निरोप देतो. पंगतीत जागा बदलल्या की वाढण्याचा क्रम बदलतो, तसंच हे! नुसती आवराआवर केली तरी उत्तर बदलू शकतं.

पकेट ह्यांच्याच 'प्युअर डेटा'त (१९९६) जागेला महत्त्व नाही. आधी जोडलेल्या वायरीला आधी निरोप. पण हा क्रम तर डोळ्यांना दिसतच नाही.

दोन्हीकडे उपाय एकच: 'ट्रिगर' नावाचा चौकोन. कुणाला आधी, कुणाला नंतर, हे तो स्वतःच ठरवतो. तेव्हा मंडळी, पॅच आवरायचा असेल तर आधी ट्रिगर घाला, मग खुशाल ओढाओढी करा.