देवधरांचा 'महाराष्ट्र' आणि धाराशिव

प्रा. दिनकर बळवंत देवधर हे नाव आजच्या वाचकाला बहुधा एका करंडकामुळेच ठाऊक असते. १९७३-७४ पासून खेळल्या गेलेल्या आंतरविभागीय मर्यादित षटकांच्या स्पर्धेला ते दिले गेले. पण पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवणाऱ्या या प्राध्यापकाच्या कारकिर्दीत प्रदेश, भाषा आणि सत्ता यांच्या संबंधाचा एक इतिहास दडलेला आहे. तो वाङ्मयाच्या अभ्यासकांनीही पाहावा असा आहे.

देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ चा. १९११ पासूनच्या कारकिर्दीत ते प्रथम श्रेणीचे ८१ सामने खेळले. डिसेंबर १९२६ मध्ये गिलिगनच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध अखिल भारतीय संघाकडून खेळताना त्यांनी १४८ धावा काढल्या. भारत पहिली अधिकृत कसोटी खेळला तो १९३२ साली, इंग्लंडमध्ये. त्या दौऱ्याचे नेतृत्व पोरबंदरच्या महाराजांकडे होते (प्रत्यक्ष कसोटीत ते सी. के. नायडूंनी केले). चाळिशीतले देवधर त्या संघात नव्हते, आणि पुढेही त्यांच्या वाट्याला कसोटी आली नाही. ते अखेरपर्यंत प्रांताचेच खेळाडू राहिले.

हा 'प्रांत' मात्र नीट समजून घ्यायला हवा. १९३४-३५ मध्ये रणजी स्पर्धा सुरू झाली तेव्हा नकाशावर महाराष्ट्र नावाचे राज्य नव्हते. राजकीय दृष्ट्या पुणे मुंबई इलाख्यात होते. क्रिकेटमध्ये मात्र त्याच इलाख्यातून मुंबई, गुजरात आणि महाराष्ट्र असे वेगवेगळे संघ उतरत होते. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० मध्ये संयुक्त प्रांताला आणि १९४०-४१ मध्ये मद्रासला हरवून लागोपाठ दोनदा अजिंक्यपद मिळवले. सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांनी याच संघाकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. स्वतः देवधरांनी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव बेळगावच्या साहित्य संमेलनात झाला तो १९४६ साली, राज्य आले १९६० मध्ये. म्हणजे मैदानावरच्या धावफलकाने हे नाव दोन तपांहून अधिक काळ आधीच लिहिले होते.

परंतु त्या 'महाराष्ट्रा'त धाराशिव नव्हते. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याचा स्वतंत्र संघ होता. हैदराबादने १९३७-३८ चा रणजी करंडकही जिंकला. शेजारचे सोलापूर इलाख्यात, उस्मानाबाद संस्थानात. दोहोंकडची भाषा एक, सीमा मात्र मधून गेलेली. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि नंतर क्रिकेटची वाटही हैदराबादऐवजी पुण्याकडे वळली.

खेळ थांबल्यावर देवधर महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष झाले, नियामक मंडळाचे उपाध्यक्ष झाले, राष्ट्रीय निवड समितीतही बसले. ज्याची स्वतःची कसोटीसाठी कधी निवड झाली नाही, त्याने इतरांची निवड करायची, हा योगायोग सोपा नाही. प्रशासकाचे काम धावफलकावर दिसत नाही. कोणाला संधी मिळाली हे सर्वांना कळते. कोणापर्यंत ती पोचलीच नाही, याची नोंद कुठेच होत नाही. १९६५ मध्ये पद्मश्री, १९९१ मध्ये पद्मभूषण आणि १०१ वर्षांचे आयुष्य लाभून २४ ऑगस्ट १९९३ रोजी देवधर गेले. त्यांचा सन्मान झाला यात शंका नाही. प्रश्न त्या सन्मानाचा नाही, त्यांनी ज्या संस्थांचे काम पाहिले त्यांच्या आवाक्याचा आहे.

आजही एका राज्यातून मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र असे तीन संघ रणजी खेळतात. धाराशिवची ओळख खेळाच्या जगात अधिक झाली ती खो-खोमुळे; सारिका काळे यांना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी जानेवारीत ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या गावी भरले. भाषेचे केंद्र निदान तीन दिवसांसाठी तरी परिघावर जाऊ शकते, हे त्यातून दिसले. राज्याआधी राज्याचे नाव धारण करणाऱ्या क्रिकेटने हा प्रवास किती केला, हे देवधरांचे चरित्र वाचताना विचारायला हवे. नाव आधी मिळते. त्या नावाचा प्रदेश मात्र सावकाश, माणसामाणसाने, जोडावा लागतो.