लॅपटॉप वाय-फायवर आहे की मोबाइल डेटावर? लॉगिन स्क्रिप्टला हे कसं कळतं आणि गडचिरोलीत ती का फसते

मित्राने तुमच्या फोनचा हॉटस्पॉट घेतला आणि अर्ध्या तासात तुमचा दिवसभराचा डेटा संपत आल्याचा मेसेज आला, असं तुमच्याही बाबतीत झालं असेल. मित्राने मुद्दाम काही केलेलं नसतं. व्हॉट्सॲपमध्ये मोबाइल डेटासाठी एक नियम असतो आणि वाय-फायसाठी वेगळा. मूळ सेटिंग तशीच ठेवली असेल तर मोबाइल डेटावर फक्त फोटो आपोआप उतरतात, वाय-फायवर मात्र व्हिडिओ, ऑडिओ, डॉक्युमेंट सगळंच. मित्राच्या फोनला अनेकदा 'वाय-फाय' एवढंच दिसतं. ते वाय-फाय तुमच्या सिमकार्डातून येतंय, हे त्याला कळत नाही.

ऑफिसच्या कम्प्युटरची लॉगिन स्क्रिप्टही अगदी हीच चूक करते. पुण्या-मुंबईत त्याने फारसं बिघडत नाही. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा किंवा चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीच्या डोंगरी भागात मात्र या एका चुकीने अख्ख्या दिवसाचं काम अडू शकतं.

लॉगिन स्क्रिप्ट म्हणजे काय?

ऑफिसच्या कम्प्युटरवर तुम्ही पासवर्ड टाकता, तेव्हा पाठीमागे एक छोटा प्रोग्राम आपोआप चालतो. सर्व्हरवरचा सामायिक फोल्डर जोडणं, प्रिंटर लावणं, अँटीव्हायरसची नवी फाइल आणणं, ऑफिसचे फॉर्म कॉपी करणं अशी कामं तो करतो. त्यालाच लॉगिन स्क्रिप्ट म्हणतात. विंडोजवर ती बहुधा बॅच फाइल किंवा पॉवरशेलमध्ये लिहिलेली असते.

अशा बहुतेक स्क्रिप्ट ऑफिसमधली केबल गृहीत धरून लिहिलेल्या असतात. लॅपटॉप त्या इमारतीबाहेर पडला की ते गृहीतक मोडतं.

समजा, गडचिरोलीतल्या एखाद्या कार्यालयाचा लॅपटॉप दाखल्यांच्या शिबिरासाठी एटापल्लीच्या पुढच्या एका गावात नेला आहे. तिथे केबल नाही. ऑपरेटर स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट लावतो. पॅक रोजचा दीड जीबीचा. स्क्रिप्टला 'वाय-फाय' दिसतं, ती सर्व्हरवरून शेकडो एमबीच्या फाइल ओढायला लागते, आणि तेवढ्यात विंडोजचे अपडेटही उतरू लागतात. पॅक संपला की वेग साधारण ६४ केबीपीएसवर येतो. या वेगाने उरलेली ३०० एमबीची फाइल उतरायला दहा तासांहून जास्त लागतील. एका अर्जाला लागणारा डेटा त्यापुढे किरकोळ असतो, पण आता तोही धड जात नाही. मजुरी बुडवून दाखल्यासाठी आलेल्या माणसाला 'साइट चालत नाही' एवढंच सांगितलं जातं. साइट चालत असते.

ऑपरेटरला याचं कारण सापडणं अवघड असतं, कारण त्रास लगेच सुरू होत नाही. विंडोज ८.१ पासून ग्रुप पॉलिसीतून लावलेली लॉगिन स्क्रिप्ट मुळातच पाच मिनिटं उशिरा चालते, म्हणजे लॉगिन पटकन झाल्यासारखं वाटावं. त्यामुळे 'सुरुवातीला नीट चाललं, मग एकदम नेट बसलं' अशी तक्रार कोणी केली तर आधी स्क्रिप्टकडे पाहावं, टॉवरकडे नंतर.

कम्प्युटरला नेमकं काय दिसतं?

कम्प्युटर नेटवर्कला ज्या भागातून जोडला जातो, त्याला ॲडॉप्टर म्हणतात. प्रत्येक ॲडॉप्टरला आंतरराष्ट्रीय यादीतला एक प्रकार-क्रमांक असतो. ६ म्हणजे इथरनेट केबल, ७१ म्हणजे वाय-फाय, २४३ आणि २४४ म्हणजे सिमकार्डवर चालणारं मोबाइल ब्रॉडबँड, २३ म्हणजे जुन्या डायल-अपसारखी जोडणी. पॉवरशेलची 'गेट-नेटॲडॉप्टर' ही कमांड ॲडॉप्टरची यादी देते. त्यातल्या ज्या ॲडॉप्टरवरून इंटरनेटचा मुख्य रस्ता जातो, त्याचा क्रमांक स्क्रिप्टने वाचायचा. इथपर्यंत काम सोपं आहे.

तरीही अनेक स्क्रिप्ट क्रमांकाऐवजी नाव वाचतात. 'वाय-फाय' हा शब्द सापडला की बिनतारी, 'इथरनेट' सापडला की केबल. पण ते नाव म्हणजे नुसतं लेबल, कोणालाही बदलता येतं. विंडोजची भाषा बदलली की कमांडच्या उत्तरातले शब्दही बदलू शकतात, आणि मग शब्द शोधणारी स्क्रिप्ट आंधळी होते. हा आळस आहे, दुसरं काही नाही.

मात्र क्रमांक अचूक वाचला तरी फसवणूक टळत नाही. हॉटस्पॉटचं उदाहरण वर आलंच: क्रमांक ७१, म्हणजे वाय-फाय. तोच फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून नेट घेतलं तर विंडोजमध्ये बहुधा इथरनेटचं ॲडॉप्टर उगवतं. म्हणजे मोजून-मापून मिळणारा मोबाइल डेटा चक्क 'ऑफिसची केबल' म्हणून नोंदवला जातो. सिमकार्डच्या अनेक डोंगलचंही तसंच. त्यातून ऑफिसचं व्हीपीएन चालू असेल तर आणखी एक आभासी ॲडॉप्टर मधे येतं आणि खालची खरी जोडणी त्याआड लपते. याउलट, लॅपटॉपच्या आतच सिमकार्ड असेल तर क्रमांक बरोबर येतो. पण असे लॅपटॉप आपल्याकडे किती जणांकडे असतात?

पहिला टप्पा दिसतो, पुढचे दिसत नाहीत

याचं मूळ कारण एकच आहे. कम्प्युटरला स्वतःपासून राउटर किंवा फोनपर्यंतचाच टप्पा दिसतो. त्यापुढचा रस्ता कसा आहे, हे ॲडॉप्टरला ठाऊक नसतं. या दोन जिल्ह्यांत फरक पडतो तो नेमका त्या पुढच्या रस्त्यात.

काही ग्रामपंचायतींपर्यंत भारतनेटची फायबर पोहोचली आहे. ही योजना २०११ मध्ये वेगळ्या नावाने मंजूर झाली होती. फायबर चालू असेल तर वेग उत्तम. पण रस्त्याच्या खोदकामात ती तुटू शकते, आणि पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटला की दुरुस्तीसाठी माणूस तरी कसा पोहोचणार? नक्षलग्रस्त भागांसाठी बीएसएनएलने उभारलेल्या मोबाइल टॉवरांवर सुरुवातीला फक्त टूजी होतं. देशभरातली अशी २,३४३ ठिकाणं फोरजीवर नेण्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये मंजुरी दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकबरोबर इरादापत्र केलं. दुर्गम भागांना उपग्रहातून इंटरनेट देण्याच्या त्या योजनेत गडचिरोलीचंही नाव आहे.

फायबर असो, टूजी असो की उपग्रह, शेवटी खोलीत राउटर बसतो आणि लॅपटॉपला दिसतं ते 'वाय-फाय' किंवा 'इथरनेट'. तिन्हींत फरक मात्र प्रचंड आहे. जुन्या पद्धतीचा, पृथ्वीपासून ३५,७८६ किलोमीटरवरचा उपग्रह घ्या. तुमचा प्रश्न वर जातो, खाली येतो, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली येतं. असा प्रवास सुमारे १ लाख ४३ हजार किलोमीटरचा होतो. प्रकाशाच्या वेगानेही त्याला जवळपास अर्धा सेकंद लागतो, प्रत्यक्षात ०.६ सेकंद किंवा जास्त. एका वेब पानाला हे चालून जातं. पण सामायिक फोल्डर उघडताना कम्प्युटर आणि सर्व्हर एकमेकांशी खूप वेळा बोलतात. अशा २०० फेऱ्या झाल्या तर नुसत्या वाट पाहण्यात दोन मिनिटं जातात, डाउनलोडचा वेग कितीही चांगला असला तरी. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर असल्याने त्यांच्यात ही अडचण फार कमी होते. म्हणजे नुसतं 'उपग्रह' म्हटल्यानेही पुरेसं कळत नाही.

डेटा महाग आहे, हे सांगणारी खूण

वेग किती, हा एक प्रश्न. डेटा मोजून मिळतोय का, हा दुसरा. दोन्ही एकच समजले जातात आणि तिथेच घोटाळा होतो. फोरजीचा हॉटस्पॉट वेगवान असू शकतो आणि तरीही दुपारी संपू शकतो.

या दुसऱ्या प्रश्नासाठी विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'मीटर्ड कनेक्शन' ही सोय आहे. जोडणीवर ही खूण असेल तर विंडोज बरेचसे अपडेट थांबवून ठेवतं, आणि स्क्रिप्टलाही ती खूण वाचता येते. गोम अशी की सिमकार्डच्या जोडणीवर ही खूण आपोआप लागते, वाय-फाय आणि इथरनेटवर सहसा लागत नाही. तिथे ती माणसानेच लावायची.

अँड्रॉइडने यावर एक सुरेख युक्ती काढली आहे. हॉटस्पॉटला जोडणाऱ्या प्रत्येक उपकरणाला फोन एक पत्ता देतो. त्या पत्त्याच्या चिठ्ठीतच अँड्रॉइड 'हा डेटा मोजून मिळतोय' असा शेरा लिहून पाठवतो. दुसरा अँड्रॉइड फोन तो शेरा वाचतो, लिनक्समधला नेटवर्कमॅनेजरही वाचतो. नेटवर्कमॅनेजरचा प्रामाणिकपणा मला विशेष आवडतो. जोडणी मीटर्ड आहे का, या प्रश्नाला तो 'हो' आणि 'नाही' याशिवाय 'हो, अंदाजाने' आणि 'नाही, अंदाजाने' अशीही उत्तरं देतो. सगळ्याच यंत्रांनी आपला अंदाज अंदाज म्हणून सांगितला असता तर पुष्कळ त्रास वाचला असता.

नाव विचारण्यापेक्षा मोजलेलं बरं

वेगाचं काय? विंडोजच्या ग्रुप पॉलिसीत जुनी मर्यादा आहे ५०० केबीपीएसची. जोडणी त्याहून हळू निघाली तर सॉफ्टवेअर बसवणं, फोल्डर हलवणं आणि स्क्रिप्ट चालवणं ही जड कामं मूळ सेटिंगनुसार टाळली जातात. विंडोज एक्सपीच्या काळात यासाठी सर्व्हरला २,०४८ बाइटचं पॅकेट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते पाहिलं जाई. सुरक्षेसाठी कोणी अशी पॅकेट अडवली की मोजमापच कोलमडे. व्हिस्टापासून ही पद्धत बदलली. पुढे मोबाइल ब्रॉडबँडला नेहमी 'हळू' समजण्याचा पर्यायही आला, पण तो आतल्या सिमकार्डासाठी. हॉटस्पॉट त्यातूनही निसटतो.

क्रोम ब्राउझर याहून व्यवहारी आहे. तो वेबसाइटला जोडणीचा 'परिणामी प्रकार' सांगतो: फोरजी, थ्रीजी, टूजी किंवा संथ टूजी. ही नावं टॉवरची नाहीत. प्रत्यक्ष मोजलेला वेग आणि उत्तराला लागलेला वेळ यांवरून ती ठरतात. त्यामुळे फायबरवर बसलेला पण अडखळणारा कम्प्युटरही 'टूजी' ठरू शकतो, आणि ते योग्यच आहे. फायरफॉक्स आणि सफारी ही माहिती देत नाहीत.

मग स्क्रिप्ट कशी लिहावी? सर्वात आधी ऑफिसचा सर्व्हर आवाक्यात आहे का, हे दोन-तीन सेकंदांच्या मर्यादेत तपासावं. नसेल तर एकही ड्राइव्ह न जोडता शांतपणे संपावं. लॉगिनच्या क्षणी वाय-फाय अजून जोडलं गेलेलं नसणंही नेहमीचं आहे, त्यामुळे थोडं थांबून एकदा पुन्हा पाहावं. सर्व्हर सापडला तर मीटर्डची खूण वाचावी. मग शंभरेक केबीची छोटी फाइल आणून वेळ मोजावा. ॲडॉप्टरचा क्रमांक शेवटी, तोही फक्त दुजोरा म्हणून. आणि यातल्या कशाचंही उत्तर मिळालं नाही, तर जोडणी महाग आणि हळू आहे असंच धरावं. बरेच जण इथे उलटं करतात, उत्तर नाही म्हणजे सगळं ठीक असं मानतात. चंद्रपूरच्या मुख्य कार्यालयात अपडेट एक दिवस उशिरा आला तर कोणाला कळणारही नाही.

मोठ्या फाइल लॉगिनच्या वेळी आणूच नयेत, हे त्याहून उत्तम. लॅपटॉप केबलवर परत आला की रात्री आणाव्यात.

तुमच्या हातात काय आहे?

स्क्रिप्ट तुमची नसेल, तरी एक गोष्ट तुम्हाला करता येते. विंडोज ११ मध्ये हॉटस्पॉटला जोडल्यावर सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' उघडा, वाय-फायमध्ये त्या जोडणीच्या प्रॉपर्टीजमध्ये जा आणि 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. फोन यूएसबीने जोडला असेल तर हेच इथरनेटच्या पानावर करावं लागतं. ही खूण त्या हॉटस्पॉटच्या नावापुरतीच राहते. हॉटस्पॉटचं नाव बदललं किंवा उद्या शेजारच्या सहकाऱ्याच्या फोनवरून नेट घेतलं, तर ती पुन्हा लावावी लागेल.